डेन्व्हरचा २०१४ चा ड्राफ्ट आणि त्याला मिळालेले मार्क

२६ जून २०१४ ला ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट झाला (त्यात संघ नंबर येईल तसा एकेक नवा खेळाडू निवडतात) आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे जाणकारांनी तीसही संघांना ग्रेड वाटले. डेन्व्हर नगेट्सचं बहुतेकांनी कौतुकच केलं. ते कौतुक योग्य होतं, असं मी आजही म्हणेन. फक्त ते ज्या गोष्टीसाठी झालं आणि पुढे ज्या गोष्टीने डेन्व्हरचं नशीब पालटलं, त्या दोन्ही वेगळ्या.

त्या रात्री डेन्व्हरने अकराव्या नंबरवर डग मॅकडर्मटला घेतलं. क्रेटन युनिव्हर्सिटीचा हा पोरगा कॉलेज बास्केटबॉलमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, पट्टीचा शूटर. पण डेन्व्हरने त्याला लगेच शिकागोकडे देऊन टाकलं आणि बदल्यात सोळावा आणि एकोणिसावा असे दोन नंबर मिळवले. सोळाव्यावर बोस्नियाचा धिप्पाड सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) युसुफ नुर्किच, एकोणिसाव्यावर मिशिगन स्टेटचा गार्ड गॅरी हॅरिस. एकाच्या जागी दोन चांगले खेळाडू, म्हणजे फायद्याचा सौदा. ग्रेड देणाऱ्यांची शाई इथेच खर्च झाली.

मग दुसऱ्या राउंडमध्ये एक्केचाळिसावा नंबर. टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती आणि खालच्या पट्टीवर नाव सरकत गेलं: निकोला योकिच. सर्बियातल्या सोंबोरचा, एकोणीस वर्षांचा, अंगाने थुलथुलीत, उडी जेमतेम. स्वतः योकिच तेव्हा घरी गाढ झोपेत होता. न्यूयॉर्कमध्ये असलेल्या भावाने फोन करून त्याला उठवलं.

पुढे याच योकिचने डेन्व्हरचं नशीब पालटलं. यावरून जाणकारांची टर उडवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. खुद्द डेन्व्हरने त्याला सोळाव्यावर घेतलं नाही, एकोणिसाव्यावरही घेतलं नाही. सोळाव्यावर तर त्यांनी सेंटरच घेतला, पण दुसराच! संघासाठी खेळाडू निवडणारे टिम कॉनेली आणि त्यांच्या माणसांनी योकिचला हेरलं हे श्रेय त्यांचंच. पण पुढे तीन वेळा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) होणारा माणूस आपण उचलतोय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. तो कोणालाच का दिसला नाही? मी संध्याकाळी नागपुरात मुलांना बास्केटबॉल शिकवतो, जिल्ह्याच्या निवड चाचण्याही पाहतो. चाचणीत उंची दिसते, पळणं दिसतं, उडी दिसते. पास दिसत नाही. पास दिसायला ओळखीचे चार गडी लागतात, आणि चाचणीत जो तो आपापलंच दाखवत असतो. मुलांना मी योकिचचा एक प्रसंग मुद्दाम थांबवून थांबवून दाखवतो. फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर बॉल त्याच्या हातात, पाठ बास्केटकडे, बॉल डोक्याच्या वर धरलेला. त्याचा साथीदार अ‍ॅरन गॉर्डन कोपऱ्यातून निघतो. बचाव करणाऱ्याची मान क्षणभर बॉलकडे वळते आणि तेवढ्यात पास सुटलेला असतो, गॉर्डन पोचण्याआधीच. योकिचचे पाय जमिनीवरून हललेले नसतात. हे कोणत्या फूटपट्टीने मोजणार?

आता गॉर्डनचं नाव निघालंच आहे तर तो कुठून आला ते सांगतो, कारण त्या ग्रेडचा खरा हिशेब इथे लागतो. गॉर्डन त्याच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या नंबरवर ऑरलँडोला गेला होता. २०२१ मध्ये डेन्व्हरने त्याला आणलं आणि त्यासाठी जे दिलं त्यात गॅरी हॅरिस होता. म्हणजे कौतुक झालेल्या त्या सौद्यातलं एकोणिसाव्याचं दान सात वर्षांनी असं वसूल झालं. २०२३ च्या फायनलमध्ये मायामीत चौथ्या मॅचला गॉर्डनने २७ पॉइंट केले. त्याच्या आदल्या मॅचला योकिचचे ३२ पॉइंट, २१ रिबाउंड, १० असिस्ट होते. डेन्व्हर ४-१ ने जिंकलं. पहिलं विजेतेपद.

नुर्किचचं मात्र वाईट झालं, आणि त्यात डेन्व्हरचाच दोष आहे. २०१६ च्या मोसमात त्यांनी दोन्ही सेंटर एकत्र खेळवून पाहिले, जमलं नाही. डिसेंबरात योकिचला पाचात कायम केल्यावर नुर्किच बाकावर कुढत राहिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला पोर्टलँडला दिलं, वर पहिल्या राउंडचा एक पिकही (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क) दिला, आणि हाती मुख्यतः मेसन प्लमली आला. दीड महिन्यातच नुर्किचने डेन्व्हरविरुद्ध ३३ पॉइंट आणि १६ रिबाउंड काढले. त्या वर्षी बाद फेरीची आठवी जागा पोर्टलँडला मिळाली, डेन्व्हर एका विजयाने मागे राहिलं. माणूस जायचाच होता हे मान्य, पण वर पिक कशाला? माझा कॉलेजचा एक मित्र म्हणतो, योकिचला मोकळं मैदान मिळालं तेवढ्यात सगळं वसूल झालं. मी म्हणतो, मोकळं मैदान पिक न देताही मिळालं असतं.

मला विचाराल तर ग्रेड लगेच द्यायलाच हवेत; सौद्याची किंमत त्या दिवशीच्या भावानेच कळते, आणि त्या भावाने डेन्व्हरने बाजी मारलीच होती. पण दुसऱ्या राउंडला एका ओळीत उरकू नये. त्या पोराला कोणी, कुठे, किती मॅचेस पाहिलं, त्याला आणखी एक वर्ष सर्बियात खेळू द्यायचं का ठरवलं, हे विचारायला हवं होतं. योकिच ते वर्ष तिकडेच राहिला आणि एड्रियाटिक लीगचा (सर्बिया आणि आसपासच्या देशांतल्या क्लबांची लीग) एमव्हीपी होऊनच डेन्व्हरला आला. तेव्हा त्याचा ग्रेड पुन्हा तपासायला कोणी बसलं असतं, तर २०१५ मध्येच पुष्कळ काही दिसलं असतं.