चार चौकटी, तीन, दोन, एक

सुपरहिरोचा सिनेमा सुटला की कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर 'नाद खुळा फायटिंग' म्हणत फेसाळ ग्लास रिकामे होतात. एखादा मात्र ग्लास हातात धरून तसाच उभा. तो कॉमिक वाचून गेलेला. "सगळं दाखवलं भावा, पण कायच दाखवलं न्हाय," एवढंच बोलतो.

लोकांना वाटतं, पोशाखाचा रंग चुकला म्हणून हा रुसला. तेही असतं थोडं. पण खरं दुखणं वेळेचं आहे.

खासबागेच्या कुस्ती मैदानात मोठी जोड लागायची तर पैलवानांची नावं आधी गावोगावच्या मैदानांत गाजावी लागतात. 'सिव्हिल वॉर' हे सुपरहिरोंच्या आपसातल्या झुंजीचं कॉमिक 2006-07 मध्ये सात अंकांत आलं. त्यात स्पायडरमॅन पत्रकारांसमोर मुखवटा काढतो, तेव्हा 1962 पासून जपलेलं गुपित फुटतं. 2016 च्या सिनेमात विमानतळावर सहा विरुद्ध सहा अशी झकास जोड लागली, पण हा स्पायडरमॅन त्याच सिनेमात पहिल्यांदा आलेला. फुटायला गुपित हवं ना! दिग्दर्शकाला तरी काय बोलणार? स्पायडरमॅनचे चित्रपटहक्क दुसऱ्या कंपनीकडे, तडजोड झाली 2015 मध्ये.

'एक्स-मेन'मधल्या जीन ग्रेचंही तेच. कॉमिकमध्ये ती 1976 ला अफाट शक्तीची 'फिनिक्स' झाली आणि 1980 ला बिघडली. चार वर्षं आच मंद होती. मग ती एक तारा गिळते, पाच अब्ज जीव जातात, म्हणून तिचं मरण जड होतं. सिनेमावाल्यांनी 2006 आणि 2019 असा दोनदा हात घातला आणि दोन्ही वेळा वरची तर्री तेवढी वाढली.

सगळ्यात जास्त हळहळ सुपरमॅनची. 1992 च्या अखेरीस डूम्सडे नावाच्या राक्षसाशी लढताना तो मेला. त्या झुंजीचे शेवटचे चार अंक ओळीनं मांडा आणि चित्रांच्या चौकटी मोजा. पहिल्यात पानाला चार, पुढच्यात तीन, मग दोन. 'सुपरमॅन'च्या 75 व्या अंकात पानभर एकच चित्र. वाचताना हा हिशेब लक्षातही येत नाही, पण पानं भराभर उलटू लागतात, घाव मोठे दिसू लागतात आणि शेवटच्या पानावर हात आपोआप थांबतो. कागदाची ही करामत कॅमेऱ्याला जशीच्या तशी जमणार नाही, मान्य. पण वेग चढवत नेण्याची दुसरी काही युक्ती तरी शोधायची! सुपरमॅनच्या 2016 च्या सिनेमात डूम्सडे शेवटाकडे उगवतो, कारण आधी बॅटमॅन-सुपरमॅनची झुंज उरकायची असते, आणि तीही 1986 च्या दुसऱ्याच कॉमिकमधून उचललेली. एका ताटात दोन पंगती.

शिवाय कॉमिकमधला सुपरमॅन 1938 चा, म्हणजे गेला तेव्हा 54 वर्षांची ओळख. पडद्यावरचा हा 2013 ला आला आणि त्याच्या दुसऱ्याच सिनेमात गेला. एवढ्या ओळखीवर सांत्वनाला कोण जाणार?

कॉमिकवाल्यांनी निदान सुतक पाळलं. अंत्यविधीला अनेक अंक दिले आणि तो परतला 1993 मध्ये. सिनेमात शवपेटीवरची माती दिवे लागायच्या आधीच हलायला लागते.