डॉन जोव्हानी आणि तीन चेंडू

पिनबॉलच्या, म्हणजे काचेखालच्या उतारावर चेंडू उडवत गुण मिळवायच्या, यंत्राला ऑपेराचं संगीत द्यायचं म्हटलं की बहुतेकांना आधी वाग्नरच्या ऑपेरातल्या घोडेस्वार वाल्कायरी आठवतात. मला ते पटत नाही. वाग्नरला रंगायला वेळ लागतो आणि चेंडूकडे तो नसतो. त्यापेक्षा रोसिनी बरा. तीच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची, दर वेळी वाद्यं वाढवायची, आवाज चढवत न्यायचा ही त्याची खोड. चेंडू त्याला उडवून लावणाऱ्या बम्परांत सापडून धडका खातोय तोवर ती ओळ खुशाल ताणावी. पण मला विचाराल तर मोझार्ट, आणि त्यातही १७८७ साली प्रागमध्ये पहिल्यांदा झालेला ‘डॉन जोव्हानी’.

या ऑपेरात गुण मोजणारा नोकर आयताच आहे. लेपोरेलो मालकाच्या, म्हणजे बायकांमागे फिरणाऱ्या जोव्हानीच्या, प्रेमप्रकरणांची यादी उघडतो आणि गात सुटतो : इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१, पण स्पेनमध्ये १००३! हा शेवटचा आकडा तो घोळवून घोळवून म्हणतो. स्कोअरबोर्ड तरी दुसरं काय करतो? एकेका बम्परला एकेक देश द्यावा आणि स्पेन ठेवावा सगळ्यात अवघड रॅम्पच्या टोकाला. (ही यादी ऐकावी लागते ती जोव्हानीनं टाकलेल्या बिचाऱ्या एल्विराला. नोकराला लाज अशी नाहीच.)

मल्टिबॉलची, म्हणजे एकाच वेळी अनेक चेंडू खेळण्याची, सोयही मोझार्टनं करून ठेवली आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी मेजवानीत तीन वाद्यवृंद एकाच वेळी तीन निरनिराळे नाच वाजवतात : एक संथ मिन्युएट, एक दोन मात्रांचा काँट्रडान्स आणि एक झपाट्याचा जर्मन नाच. आता सगळं कोसळणार असं वाटत राहतं आणि कोसळत काहीच नाही. तीन चेंडू सुटले की प्रत्येकासोबत एक नाच सुरू व्हावा, चेंडू गेला की त्याचा नाच बंद. नुसतं मिन्युएट ऐकू यायला लागलं की दोन गेले हे खाली न बघताच कळेल.

गाणं मध्येच तुटेल, म्हणून जाणकार कपाळाला आठ्या घालतील. घालू देत.

टिल्टसाठी मात्र जोव्हानीनं ठार केलेल्या सरदाराचा पुतळाच हवा. यंत्र जास्त हलवलं की आत टांगलेला लंबक भोवतीच्या कड्याला टेकतो, सर्किट जुळतं आणि चेंडू परत वर मारणारे फ्लिपर मरतात. ऑपेरात पुतळा हात पुढे करतो, जोव्हानी तो धरतो आणि मग सोडवता येत नाही. ट्रॉम्बोन घुमतात, पुतळा ‘पश्चात्ताप कर’ म्हणतो, हा ‘नाही’ म्हणतो. बटणं कितीही बडवा, चेंडू मधल्या फटीतून खाली जाणारच.

नायक नरकात गेल्यावर उरलेले सहा जण पुढे येऊन गातात. एकोणिसाव्या शतकात हा भाग सर्रास गाळत. मी ठेवीन, कारण तेवढ्यात यंत्राला मॅचचा आकडा फिरवायचा असतो. स्कोअरचे शेवटचे अंक जुळले तर एक डाव फुकट, आणि लेपोरेलो तर तिथे सांगतच असतो की आपण आता खानावळीत जाऊन याहून बरा मालक शोधणार.