धनुष्य हातात येईपर्यंत : इंटरलोपरमधले पहिले वीस दिवस

'द लाँग डार्क'मध्ये झोंबी नाहीत. कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओने २०१७ साली पूर्ण स्वरूपात आणलेल्या या गेममध्ये माणूस मरतो तो थंडी, तहान, भूक, थकवा यांनी, नाहीतर लांडग्या-अस्वलाच्या तोंडी. इंटरलोपर ही त्यातली फार कडक पातळी. बंदूक कुठेच सापडत नाही, तयार सुरी-कुऱ्हाडही नाही. अंगावर जेमतेम कपडे असतात आणि पहिले काही आठवडे गेममधलं बेट दिवसागणिक आणखी गारठत जातं. एकदा मेलात की सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, पुसला जातो. तरी मी याच पातळीवर खेळतो, कारण इथला प्रत्येक मृत्यू मागे मागे नेत गेलं की दोन दिवसांपूर्वी केलेल्या एखाद्या आळसापाशी पोचतो. गेमने फसवलं असं म्हणायची सोयच नसते.

या पातळीवरचा खरा टप्पा म्हणजे पहिलं धनुष्य. तोवर तुम्ही ससे आणि उष्टी-पाष्टी गोळा करणारे असता. धनुष्याला लागतं मेपलचं वाळलेलं रोपटं, वाळवलेली आतडी आणि वर्कबेंच. प्रत्येक बाणाला एक टोक, बर्चची एक काडी आणि कावळ्याची ३ पिसं. टोकं भट्टीतच घडतात. भट्टीसाठी जड हातोडा, स्क्रॅप मेटल (भंगार धातू) आणि कोळसा हवा. यादी वाचून लोक हातोड्याच्या मागे धावतात. मीही सुरुवातीला तेच करायचो, आणि ते चुकीचं आहे. हातोडा एका दिवसात सापडू शकतो, वाळवण मात्र घाईने होत नाही.

आतड्याला ५ दिवस, मेपलला ६, बर्चला ४, सशाच्या कातड्याला ३, हरणाच्या कातड्याला ५. आपल्याकडे वाळवण उन्हात घालतात, इथे उलटं : छपराखाली आत नेऊन जमिनीवर टाकायचं. पिशवीत घेऊन फिरलात तर काही वाळत नाही. बाहेर गेलात तरी घरात टाकलेलं वाळत राहतं, आणि सगळं वेळापत्रक मी यावरच बेततो. म्हणून पहिल्याच दिवशी ससे. दगड उचलायचा, वाकून जवळ जायचं, दगड मारून ससा गरगरला की पळत जाऊन उचलायचा. दोन सेकंद उशीर झाला तर तो उठून पसार. सशाचं मांस आणि आतडं हातानेही काढता येतं, पण प्रेत गोठायच्या आत. मी चार तरी आतडी टाकतो, कारण धनुष्यानंतर मासेमारीची दोरीही त्यातूनच होते.

काड्यांचं गणित त्याहून कडक. आग पेटवायची शक्यता सुरुवातीला ४० टक्के असते, त्यामुळे काडीपेटीतल्या निम्म्याहून अधिक काड्या फुकट जाणार हे धरूनच चालायचं. माझा नियम असा की एका काडीवर एकच आग लावायची नाही. आग पेटली की तिच्यातूनच जळतं लाकूड मशाल म्हणून काढायचं, पुढच्या गुहेपर्यंत न्यायचं आणि तिथली आग त्याच मशालीने पेटवायची. वारा सुटला की मशाल विझते, म्हणून निघण्याआधी वाऱ्याची दिशा पाहायची आणि कड्याच्या आडोशाने जायचं. भिंग मिळालं तर स्वच्छ ऊन असलेल्या दुपारी बाहेर आग फुकट. आग लावायचं कौशल्य तिसऱ्या पातळीला पोचलं की टिंडरही (आग धरवायचं सुकं जळण) लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला गरज नसतानाही आग लावण्याचा मोह होतो. तो फक्त भिंगाच्या दिवशी पुरवावा.

खाण्याचं म्हणाल तर गोठलेल्या तळ्याकाठचं पाणकणीस हे इंटरलोपरमधलं सोनं. एका देठात १५० कॅलरी, वजन नगण्य, सडत नाही, आणि वरचं कणीस टिंडर म्हणून चालतं. ते मी जवळ असलेलं मांस संपल्यावरच खातो. सलग तीन दिवस पोट पूर्ण रिकामं होऊ दिलं नाही की ५ किलो जास्त वजन उचलता येतं. भट्टीपर्यंत कोळसा न्यायचाय त्या आठवड्यात हे ५ किलो फार उपयोगी पडतात. लांडग्याचं मांस टाळा. स्वयंपाकाचं कौशल्य पाचव्या पातळीला जाईपर्यंत ते शिजवलं तरी पोटात जंत होण्याचा धोका राहतो.

आता भट्टी. जुन्या तीन ठिकाणांपैकी नकाशावरच्या फोर्लोर्न मस्केग या भागातलं स्पेन्सचं शेतघर मधोमध पडतं, पण भोवती गोठलेली दलदल आहे आणि पातळ बर्फाखाली पाय गेला की कपडे भिजून गोठतात. डेसोलेशन पॉइंटला रायकेन जहाजाच्या आत भट्टी आहे. वारा लागत नाही, म्हणून मला तीच आवडते, फक्त वाट लांब. तिसरी ब्रोकन रेलरोडच्या देखभाल शेडमध्ये. हातोड्याची जागा दर खेळात बदलते. स्क्रॅपसाठी हॅकसॉ (धातू कापायची करवत) शोधा, लोखंडी रॅक कापता येतात.

भट्टी १५० अंशांवर गेल्याशिवाय काम सुरूच होत नाही. नुसत्या लाकडाने तिथे पोचायच्या फंदात पडू नका. कोळशाचा एक तुकडा २० अंश चढवतो, पण आग नुकतीच लावलेली असताना तो टाकता येत नाही. आधी लाकडावर आगीला धग धरू द्यावी लागते. मी गुहा आणि खाणींतून दहा-बारा तुकडे उचलून आणतो. आठ आणले तर तापमान गाठेपर्यंतच बरेचसे संपतात आणि टोकं घडवायला वेळ उरत नाही. आधी कुऱ्हाड आणि सुरी, मग उरलेल्या धातूची टोकं. भट्टीजवळ पोचेपर्यंत पडद्यावरची थकव्याची खूण लाल झाली असेल तर आधी झोपा, आग नंतर.

कुऱ्हाड मिळाली की त्याच दिवशी एक मेपल आणि दोन-तीन बर्च कापून आत टाका. एका बर्चमधून ३ काड्या निघतात. हे सहा दिवस पिसं गोळा करण्याचे. कावळे घिरट्या घालतात तिथे खाली प्रेत असतं आणि आसपास पिसं, पण लांडगाही असू शकतो. याच दिवसांत ओझं घेऊन तिरक्या उतारावरून चालू नका, मनगट मुरगळलं तर धनुष्य ताणता येत नाही.

पहिलं हरीण उभं राहूनच मारावं लागतं. वाकून नेम धरणं धनुष्यबाजी पाचव्या पातळीला गेल्यावरच जमतं. बाण लागून हरीण पळालं तर मागे धावू नका. रक्ताचे थेंब बघत सावकाश जा, थेंब हरवले तर आकाशात कावळे शोधा. बाण मोडला असेल तरी उचला, टोक सोडवून पुन्हा वापरता येतं.