बेल्वुआर किल्ला: फाट्यावर बसमधून उतरू नका

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा. इस्रायलमधला बेल्वुआर किल्ला बघायचा असेल तर गाडी भाड्याने घ्या आणि शुक्रवारी जाऊ नका. आम्ही बसने गेलो आणि शुक्रवारीच गेलो.

गॅलिलीच्या तळ्याकाठच्या तिबेरियास गावात जिथे राहिलो होतो तिथल्या माणसाने अगदी छातीठोक सांगितलं होतं, बेत शेआनची बस पकडा, कोखाव हायार्देन फाट्यावर उतरा, वर चालत वीस मिनिटं. कोखाव हायार्देन म्हणजे हाच किल्ला, 'जॉर्डनचा तारा', नॅशनल पार्कचं नाव तेच आहे, पाट्यांवर बेल्वुआर शोधत बसू नका. तर वीस मिनिटं. फाटा समुद्रसपाटीच्या सुमारे 200 मीटर खाली आहे आणि किल्ला सपाटीपासून 300 मीटर वर. म्हणजे 500 मीटरची सरळ चढाई आणि ती पायवाटेने नाही, 717 नंबरच्या डांबरी रस्त्याने, वळणं घेत घेत जवळपास सहा किलोमीटर. आम्हाला एक तास पन्नास मिनिटं लागली आणि आम्ही दोघं दर पावसाळ्यात सह्याद्रीत चढणारे आहोत, दम कमी पडला असं नाही झालं.

एप्रिलचा शेवट होता. त्या दिवशी नेमकी वाळवंटाकडून गरम वारं सुटलेलं, इकडे त्याला शराव म्हणतात. रस्त्याला सावली म्हणून नाही, एक झाड दिसलं ते कुंपणाच्या पलीकडे. तिसऱ्या वळणानंतर डांबर बुटाच्या तळव्यातून जाणवायला लागलं, पाण्याची तिसरी बाटली तिथेच संपली, आणि नवऱ्याने हातातला रुमाल ओला करायला शेवटचा घोट वापरला तेव्हा मी त्याच्यावर चिडले. गाड्या बाजूने जात होत्या, हात केला तर दोन थांबल्या नाहीत. हा टप्पा कोणी 'छान वॉक' म्हणून सांगत असेल तर ऐकू नका. डिसेंबर-जानेवारीत कदाचित बरा असेल, उन्हाळ्यात हा रस्ता चालायचा नाही, विषय संपला.

वर पोचलो दोन चाळीसला. उन्हाळी वेळ आठ ते पाच, पण शुक्रवारी एक तास आधी बंद, आणि शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या एक तास आधी. म्हणजे शुक्रवारी तीनला दार बंद. वीस मिनिटं उशीर झाला असता तर तिकीटच मिळालं नसतं आणि तसेच खाली उतरलो असतो. वर पाणी आहे, टॉयलेट आहे, मी नळाखाली डोकं धरलं.

पण मग किल्ला. खरं सांगते, दहा मिनिटांत सगळा राग गेला. लाकडी पुलावरून खंदक ओलांडला तेव्हा खाली बघूनच कळलं की हे काम काही वेगळं आहे. साधारण 20 मीटर रुंद आणि 12 मीटर खोल, तीन बाजूंनी कातळ फोडून काढलेला, चौथ्या म्हणजे पूर्वेच्या बाजूला उतारच इतका की खंदकाची गरज नाही. दगड काळा बेसॉल्ट, अगदी आपल्याकडचाच पाषाण वाटतो, हात लावला की घरी आल्यासारखं वाटलं. 1168 मध्ये हॉस्पिटलर नाइट्सनी, म्हणजे क्रुसेडरांच्या (धर्मयुद्धाला आलेल्या युरोपीय ख्रिश्चनांच्या) एका लढाऊ धर्मपंथाने, ही जागा विकत घेतली आणि किल्ल्यात किल्ला बांधला, बाहेर तटबंदी, आत परत चौकोनी बालेकिल्ला चार कोपऱ्यांना चार बुरुज घालून. बाहेरचं पडलं तरी आतून लढता यावं म्हणून.

घाई करू नका, बाहेरच्या तटाला लागून आतल्या बाजूने कमानी छताच्या लांबच लांब खोल्या आहेत, त्यात शिरा. बाहेर भाजून निघत होतो आणि आत गार, अगदी माठाजवळ बसल्यासारखं. बाहेरच्या बुरुजांच्या पोटात चोरदिंड्या आहेत, जिन्याने खाली थेट खंदकात निघता येतं. एका दिंडीत अडसराची खोबण अजून तशीच आहे, मी मनगटापर्यंत हात घातला, आतला दगड गुळगुळीत, कडा झिजून गोल झालेल्या. शिडी लावून चढणाऱ्यांच्या पाठीमागून माणसं बाहेर काढायची ही युक्ती, आणि ती उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. बरेच जण वरून फोटो काढून जातात, खाली उतरतच नाहीत.

1187 च्या जुलैमध्ये तिबेरियासजवळ हत्तीनच्या लढाईत सुलतान सलाहुद्दीनने क्रुसेडरांचा धुव्वा उडवला, बाकीचे बरेच किल्ले पटापट पडले, हा दीड वर्ष टिकला. सलाहुद्दीन शेवटी स्वतः आला, ऐन पावसाळ्यात (तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो), चिखलात, पूर्वेचा बाहेरचा बुरुज खालून सुरुंग खणून पाडला. 5 जानेवारी 1189 ला आतल्यांनी शरणागती पत्करली आणि त्यांना किनाऱ्यावरच्या सोरला (टायर शहराला) सुखरूप जाऊ दिलं. तट नंतर 1219 च्या सुमाराला मुद्दाम पाडले गेले, पुन्हा कोणी येऊन बसू नये म्हणून. पुढे याच ढिगाऱ्यावर कौकब अल-हवा नावाचं अरब गाव होतं, 1948 मध्ये ते रिकामं झालं आणि 1966 पासून उत्खनन करताना घरं काढून टाकली. आज फिरताना ते गाव कुठेच दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

पूर्वेच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली जॉर्डनचं खोरं, समोर गिलादचे डोंगर, डावीकडे गॅलिलीच्या तळ्याचं पाणी चमकतं. इथे कोणी हलत नव्हतं. बेल्वुआर म्हणजे 'सुंदर देखावा', नाव सार्थ आहे. बाहेर तुमार्किन या इस्रायली शिल्पकाराची शिल्पं आहेत, आम्हाला वेळ नव्हता.

चारला बाहेर. एका कुटुंबाने फाट्यापर्यंत सोडलं, देव त्यांचं भलं करो. आणि बस नाही. शुक्रवारी दुपारनंतर शब्बातमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, बस बंद होते ती शनिवारी संध्याकाळपर्यंत. रामला शहरात ज्या बेने इस्राएल (म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू) काकूंकडे जेवलो होतो त्यांनी अगदी मराठीत बजावलं होतं, शुक्रवारी दुपारी लांब जाऊ नका गं. तिबेरियासवाल्याला हे माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये, रोज प्रवाशांना खोल्या देतो तो. तास-दीड तासाने एक टॅक्सी थांबली, 350 शेकेल म्हणाला, घासाघीस करून 300, म्हणजे साडेसहा हजार रुपयांच्या वर, तीस किलोमीटरसाठी. मीटर टाक म्हटलं तर मान हलवली. तुम्ही बसायच्या आधी 'मोने' म्हणा, मीटरला तेच म्हणतात आणि टाकायला लावायचा तुमचा हक्क आहे. शब्बातचा दर जास्त असतो, तरी मीटरवर इतके होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी बसून होतो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

जाणार असाल तर रविवार ते गुरुवार, गाडीने, आठला गेट उघडताच. निदान दोन तास ठेवा, डोक्यावर टोपी, माणशी तीन लिटर पाणी, खंदकात उतरायला पकड असलेले बूट. आणि तिकीट आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर बघून ठेवा, वेळा सणावाराला बदलतात.