हडपसरचे घोडे आणि धनुर्वाताचं सीरम

सीरम म्हटलं की सगळ्यांना कोविशील्ड आठवते, पण ही कंपनी निघाली ती घोड्यांमुळे हे पुण्यातसुद्धा कित्येकांना माहीत नसतं. सायरस पूनावालांचे वडील सोली पूनावाला यांनी १९४६ साली हडपसरला स्टड फार्म सुरू केला, रेससाठी थरोब्रेड जातीचे घोडे तयार करायचे हा धंदा.

थरोब्रेडचं सगळंच वेगळं असतं बघा. कृत्रिम रेतन अजिबात चालत नाही, घोडीला नर प्रत्यक्षच दाखवावा लागतो, नाहीतर शिंगराची नोंदणीच होत नाही. मग अकरा महिने वाट बघायची. शिंगरू जन्मलं की तासा-दोन तासांत लटपटत उभं राहतं आणि आईला ढुसण्या देत दूध शोधायला लागतं. आणि वय मोजतात १ जानेवारीपासून, म्हणजे कुणी चुकून डिसेंबरअखेर जन्मलं तर चार दिवसांत कागदावर एक वर्षाचं, आणि पुढे रेसमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या घोड्यांबरोबर पळणार बिचारं, त्यामुळे तारखांचा हिशोब फार काटेकोर ठेवावा लागतो.

पळायची वर्षं थोडीच असतात. नंतर या फार्मचे निवृत्त घोडे मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेला जायचे, तिथे लशी आणि सीरम बनवतात. तिथे घोड्याला निष्प्रभ केलेलं विष थोडं थोडं वाढवत टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, मग मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातला प्लाझ्मा वेगळा करून शुद्ध करायचा की झालं सीरम, म्हणजे त्या विषावरचं तयार प्रतिपिंडांचं औषध. घोडाच का, तर अंगाने मोठा, रक्त भरपूर आणि माणसाळलेला.

सायरस तेव्हा पुण्याच्या बीएमसीसी कॉलेजातून शिकून बाहेर पडलेला तरुण. समाजवादी वातावरणात रेसच्या धंद्याचं पुढे काय होणार ही चिंता होतीच, त्यात घोडे आपले आणि सीरम दुसरे बनवतायत, मग आपणच का बनवू नये? १९६६ साली आपल्या भावाला, झवेरे पूनावालांना, सोबत घेऊन हडपसरलाच सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली, सुरुवात धनुर्वाताच्या सीरमपासून. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की घोड्यांची देखभाल, त्यांचे आजार, चारा-पाणी हे ज्ञान घरातच होतं, ते विकत आणावं लागलं नाही.

लशींचा व्याप एवढा वाढला तरी फार्म बंद केला नाही याचं मला मनापासून कौतुक आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची तीन वर्षांच्या घोड्यांची पूनावाला ब्रीडर्स मल्टिमिलियन ही मोठी रेस आजही याच घराण्याच्या नावाने ओळखली जाते.