लुइटगार्डा मातीत: बाह्यरेषा जमली, चुण्या बाकी

मंडळी, प्रागच्या चार्ल्स ब्रिजवरच्या संत लुइटगार्डाच्या शिल्पाची मातीत छोटी प्रतिकृती करतोय, ते काम आता नजरेत भरण्याजोगं झालं आहे. आर्मेचर (मातीच्या आतला आधाराचा सांगाडा) पक्कं बसलंय, क्रूस आणि खालचे ढग उभे राहिलेत, दोन्ही मुख्य आकृत्यांचा तोल सापडलाय. उंची ४० सेंटिमीटर. वस्त्राच्या चुण्या, बोटं आणि देवदूतांचे चेहरे अजून व्हायचेत.

ज्यांनी मूळ शिल्प पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रागच्या चार्ल्स ब्रिजवर दोन्ही कठड्यांवर मिळून ३० शिल्पं आहेत, बहुतेक १६८३ ते १७१४ या काळातली. त्यातलं हे १७१० सालचं, मात्याश ब्राउनचं. ब्राउन ऑस्ट्रियातल्या टायरॉलचा, जन्म १६८४चा. म्हणजे पंचविशीच्या आसपासच्या पोराने हा वालुकाश्म फोडलाय! काम दिलं चेक देशातल्या प्लासी गावच्या, सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाने, आणि लुइटगार्डाही त्याच पंथाची. दृष्टी गेलेली ही जोगीण क्रुसापाशी गुडघे टेकून आहे, आणि ख्रिस्त क्रुसावरून एक हात सोडवून तिच्याकडे झुकलाय, तिला आपल्या जखमेचं चुंबन घेता यावं म्हणून. अख्ख्या पुलावर इतका कोमल क्षण दुसरा नाही, असं माझं ठाम मत.

आता मुद्द्याचं. हे शिल्प दक्षिणेच्या कठड्यावर आहे आणि त्याचं तोंड पुलाच्या रस्त्याकडे, म्हणजे उत्तरेला. भर दुपारी ऊन त्याच्या पाठीमागून येतं. खालून बघणाऱ्याला चेहरे अंधारात दिसतात आणि बाह्यरेषा तेवढी आकाशावर उमटते. समोरच्या, उत्तर कठड्यावरच्या नेपोमुकच्या संत जॉनचं उलट आहे. १६८३चा तो ब्राँझचा पुतळा दक्षिणेकडे बघतो, त्याच्यावर ऊन थेट पडतं, म्हणून शांत उभं राहूनही त्याचं भागतं. लुइटगार्डाला ती सोय नाही. ब्राउनने सगळी गोष्ट बाह्यरेषेत ओतली आहे: ख्रिस्ताच्या डोक्यापासून निघून दंडावरून तिच्या पाठीपर्यंत तिरकी उतरणारी एकच रेघ. मधे खोल पोकळ्या खोदल्यात, त्यामुळे सावलीतही दोन देह वेगळे कळतात.

हे लक्षात घेऊन मी दिवा टेबलाच्या पुढून काढून मूर्तीच्या मागे लावला. समोरच्या उजेडात ठीक वाटणारी ख्रिस्ताची मान मागच्या उजेडात खांद्यात बुडत होती. मानेखालची माती तारेच्या कोरणीने पार आतपर्यंत काढली, त्याची हनुवटी आणि लुइटगार्डाचं कपाळ यांच्यात बोटभर फट ठेवली, आणि ती झुकण्याची क्रिया एकदम जिवंत झाली. त्या एका फटीवर सगळं उभं आहे.

पुलावर १९९५पासून प्रतिकृती आहे. मूळ दगड प्रागमधल्याच विशेहरादच्या किल्ल्यात, गोर्लित्से नावाच्या तळघरातल्या दालनात ठेवलाय. प्रागला गेलात तर दोन्ही बघाच. तळघरात दगडाचा पोत जवळून दिसतो, झिजलेल्या कडांवरून नजर फिरवता येते. पण मागे आकाश नाही, त्यामुळे रचना का अशी आहे ते पुलावरच कळतं.

पुढचं काम ठरलंय: त्याच दक्षिण कठड्यावरचा संत फ्रान्सिस झेवियर, फर्डिनांड ब्रोकॉफचा, १७११चा. ज्या झेवियरचं शव जुन्या गोव्यात बॉम जीझसमध्ये आहे, तोच. १८९०च्या पुरात पुलाच्या कमानी कोसळल्या तेव्हा हे शिल्प व्हल्टावा नदीत गेलं. आज उभी आहे ती १९१३ची प्रतिकृती. चौथरा पेलणाऱ्या वेगवेगळ्या देशांच्या आकृत्या मला फार खुणावतात. त्यांच्या पाठी आणि खांदे वजनाखाली कसे ताणलेत ते आधी नुसतं रेखाटून बघणार आहे.

तोपर्यंत एक मदत हवी आहे. लुइटगार्डामध्ये अंडरकट (साचा अडकून बसेल अशा आत वळलेल्या खाचा) इतके आहेत की प्लास्टरचा साचा करायचा तर तुकडेच तुकडे होतील. माझा कल सिलिकॉन रबराकडे आहे, वरून प्लास्टरचं कवच. ख्रिस्ताचा क्रुसावरून सुटलेला हात वेगळा कापून ओतावा की एकसंध ठेवावा? ज्यांनी गुंतागुंतीच्या मूर्तींचे रबरी साचे काढलेत त्यांनी हात कुठे कापता आणि सांधा कसा लपवता ते जरूर सांगा, शक्यतो फोटोसह.