तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगरातल्या शिकारीचे बूट

"तिन्ही ऋतूंत चालेल असा एकच टिकाऊ जोड सांगा," असं डोंगरात शिकारीला जाणारे मला वरचेवर विचारतात. प्रश्न रास्त आहे. ही माणसं पायवाट सोडून चालतात. आडव्या उतारावर बुटाची एकच कड जमिनीला टेकते, आणि शिकार साधली तर उतरताना पाठीवर मांसाचं ओझं असतं. मऊ तळाचा हलका बूट तिथे पिळवटतो आणि सगळा ताण घोट्यावर येतो.

म्हणून मी बूट आधी उलटा करून बघतो. खाचा खोल हव्यात. १९३५ साली आल्प्समध्ये विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती दगावले. पायातले बूट त्या हवेला पुरेसे नव्हते, हेही एक कारण होतं. त्यानंतर १९३७मध्ये त्याने खोल खाचांचा रबरी सोल आणला, आजचे बहुतेक डोंगरी सोल त्याच वळणाचे आहेत.

मग सांधा बघायचा. वरचं चामडं सोलला शिवलेलं असेल, तर झिजलेला सोल काढून नवा बसवता येतो. चिकटवलेल्या बुटाचा सोल बदलून मिळेल का, हे घेण्याआधीच विचारा. सोल आणि वरचं चामडं यांमधला थर बहुधा पॉलियुरेथेनचा, म्हणजे फेसासारख्या हलक्या प्लास्टिकचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजत जातो, बूट न वापरता ठेवला तरीही. जपून ठेवलेल्या बुटाचा तळ चढावर अचानक सुटतो तो यामुळेच. जुना माल घेताना त्या थरावर अंगठा दाबा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा सुटला, तर तो जोड घेऊच नका.

चामडं जाड, सालीसकट (म्हणजे वरचा मूळ पृष्ठभाग न घासलेलं) आणि कमीत कमी शिलाईचं असावं, कारण फाटायला सुरुवात शिलाईपासून होते. बोटांभोवती रबरी पट्टा असला तर दगडांचा मार तो सोसतो. जलरोधक अस्तर उपयोगी खरं, पण चवड्याच्या घडीवर वाकून वाकून तेच आधी फाटतं. त्यानंतरही मेण लावलेलं चांगलं चामडं बरंच पाणी अडवतं, म्हणून माझा कौल चामड्याला.

उबेचं अस्तर मात्र नको. चढताना पाय घामाने भिजतो आणि सावजाची वाट बघत बसलात की तोच ओला मोजा पाय गारठवतो. लोकरीचे मोजे आणि उबेच्या अस्तराविना बूट एवढ्यावर बहुतेक ऋतू निभावतात. खोल बर्फात तासन् तास बसायचं असेल तर वेगळा जोड घ्या, तिथे एकाच बुटाचा हट्ट नको.

बूट घालून बघायचे ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, तेच मोजे घालून. लेस न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. मग लेस आवळून उतारावर चाला. बोटं पुढे टेकली किंवा टाच उचलली गेली, तर दुसरा जोड बघा.

आणि ओले बूट शेकोटीजवळ कधीही ठेवू नका. चामडं तडकतं, डिंक सुटतो. आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते ओले झाले की बदलत राहा.